बॅगेतली भेट आणि कार्डावरची थकबाकी

या वेळचं पत्र एका वडिलांचं आहे. यंत्रं बसवून देण्याचं त्यांचं काम, त्यामुळे पाय कायम घराबाहेर. गेल्या वर्षात 22 दौरे झाले, 78 रात्री बाहेर गेल्या. मुलगी 9 वर्षांची, मुलगा 4 वर्षांचा. प्रत्येक वेळी परतताना दोघांसाठी काही ना काही आणायचं हा त्यांचा शिरस्ता. त्यांच्या पत्नीही नोकरी करतात. हा खर्च हाताबाहेर चालला आहे, असं पत्नीचं म्हणणं. वडिलांचा प्रश्न सरळ आहे: "भेटी पूर्ण बंद करून तेवढीच रक्कम दरमहा मुलांसाठी गुंतवू का? की त्यांचा हिरमोड करून वाचवलेल्या पैशाला काही अर्थ नाही?"

तुम्ही आकडे मोकळेपणाने पाठवलेत, त्याबद्दल आभार. ते इथे तसेच देत नाही. तुमचा महिन्याचा हातात येणारा पगार 100 भाग धरतो आणि बाकी सगळं त्याच मापात मांडतो.

वर्षभरात भेटींवर 66 भाग गेले. म्हणजे वर्षाच्या पगारातले साडेपाच टक्के, दौऱ्यामागे सरासरी 3 भाग. नुसत्या टक्क्यांकडे पाहिलं तर घर बुडवणारा हा खर्च नाही. मुलांवर एवढा खर्च करणारी आणि व्यवस्थित बचतही करणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. पण तुमच्या पत्रात आणखी दोन आकडे आहेत आणि मला काळजी त्यांची वाटते. क्रेडिट कार्डावर 30 भागांची थकबाकी आहे, महिना अडीच टक्के व्याजाने. आणि अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम जेमतेम दीड महिन्याच्या खर्चाची आहे.

सगळ्यात जास्त वेळ मी तुमच्या यादीवर घालवला. 22 दौरे, त्या प्रत्येकाच्या रात्री आणि त्या वेळच्या भेटींची किंमत एकाखाली एक लिहून पाहिली. दोन रात्रींच्या दौऱ्याला दीडेक भाग. चार रात्रींना साडेतीनच्या आसपास. नऊ रात्रींच्या त्या लांबलेल्या कामाला साडेसात. एखाददुसरा अपवाद सोडला तर रात्रीमागे पाऊण ते एक भाग असा दरच पडलेला आहे. हा दर तुम्ही ठरवून लावला नसणार. काम लांबलं, मुलाचा फोनवर रडवेला आवाज आला, आणि परतीच्या दिवशी हात आपोआप मोठ्या खोक्याकडे गेला. पण हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर तुम्ही गैरहजेरीची भरपाई रात्रीच्या दराने चुकती करत आहात. अशा खर्चाला वरची मर्यादाच नसते. पुढच्या वर्षी 100 रात्री बाहेर राहावं लागलं, तर भेटींचा आकडाही त्याच मापाने फुगेल, आणि ज्या वर्षी तुम्ही सगळ्यात जास्त दमलेले असाल त्याच वर्षी खिसा सगळ्यात जास्त रिकामा होईल.

आता तुम्ही विचारलेला पर्याय, पूर्ण बंद. आधी कार्डाचं बघू, कारण महिना अडीच टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला साडेचौतीस टक्के. एवढा परतावा खात्रीने देणारी गुंतवणूक मला माहीत नाही, त्यामुळे थकबाकी फिटेपर्यंत मुलांच्या नावाने गुंतवणूक सुरू करू नका. भेटी पूर्ण बंद करून महिन्याला साडेपाच भाग कार्डावर भरले तर सहा महिन्यांत खातं साफ होतं. भेटी वर्षाला 26 भागांवर आणून उरलेले 40, म्हणजे महिन्याला 3.33 भाग भरले, तर अकराव्या महिन्यात साफ होतं. दोन्हींतल्या व्याजाचा फरक साधारण पावणेदोन भाग, म्हणजे तुमच्या आजच्या सरासरी भेटीच्या निम्म्याहून थोडा जास्त. तेवढ्यासाठी 4 वर्षांच्या मुलाला सहा महिने रिकामी बॅग दाखवावी असं मला वाटत नाही. अट एकच. कार्डावर नवी खरेदी चढवायची नाही. ती चढत राहिली तर वरचं सगळं गणित कोलमडेल.

कार्ड फिटल्यावर हेच 40 भाग आधी अडचणीच्या राखीव रकमेत घाला. ती निदान चार-पाच महिन्यांच्या खर्चाइतकी झाली की गुंतवणूक सुरू करा. इथे चित्र रंगवून सांगणार नाही. मुलगा 18 वर्षांचा होईपर्यंत पूर्ण 14 वर्षं, दरवर्षी 40 भाग, 8 टक्के परतावा धरला, तर साधारण 970 भाग जमतात. पण महागाई 5 टक्के धरली तर त्यांची किंमत आजच्या 490 भागांएवढी, म्हणजे जेमतेम पाच महिन्यांच्या पगाराएवढी राहते. तुमची पहिली काही वर्षं कार्डात आणि राखीव रकमेत जाणार, तेव्हा प्रत्यक्षात हे आणखी कमी भरेल. शिक्षणाचा पूर्ण खर्च त्यातून निघणार नाही, चांगला हातभार मात्र लागेल. आणि हा 8 टक्के परतावा माझा अंदाज आहे, हमी नाही.

पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. तुम्ही ओघात लिहिलं आहे की 22 पैकी पाच दौरे सक्तीचे नव्हते. "भत्ता वाचतो आणि मुलांच्या वस्तूंचा खर्च त्यातूनच निघतो" म्हणून तुम्ही होकार दिलात. या पाच दौऱ्यांचा वेगळा हिशेब मांडला. 19 रात्री. वाचलेला भत्ता 25 भाग. त्या दौऱ्यांवरून आणलेल्या भेटी 17 भाग. तुम्ही नसताना मुलांपाशी थांबायला माणूस ठेवावं लागलं, त्याचे 5 भाग. हातात उरले 3. एकोणीस रात्री मुलांपासून लांब, आणि मिळालेले पैसे बहुतांशी लांब राहिल्याच्या भरपाईतच गेले. तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. भत्त्याच्या पैशाबाबत हे जवळपास सगळ्यांचंच होतं. 2017 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर यांनी दाखवून दिलं आहे की माणूस मनातल्या मनात पैशाची वेगवेगळी खाती उघडतो आणि पगाराचा पैसा जपून वापरतो तेवढा वरून आलेला वापरत नाही. भत्ता हा त्यातला अगदी नेहमीचा नमुना. "वरचे पैसे" म्हटलं की मूठ सैल होते. म्हणून वाचलेला भत्ता घरी पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पगाराच्याच खात्यात टाका. तुमच्यासाठी तो वेगळा पैसा राहताच कामा नये.

मग या पाच दौऱ्यांचं काय करायचं? भेटी आटोक्यात आल्या तर त्यांच्यावर 17 ऐवजी 6 भाग जातील आणि हातात 14 उरतील. कार्ड फिटेपर्यंत ते 14 भाग कामाचे आहेत, तेव्हा हे एक वर्ष होकार द्यायला हरकत नाही. त्यानंतर मात्र प्रत्येक ऐच्छिक दौऱ्याच्या वेळी पत्नीशी बोलून ठरवा. पाचही सोडले तर वर्षाची बचत 40 वरून 26 भागांवर येईल, आणि मघाचे 970 भाग 630 होतील. फरक लहान नाही. तरी माझं मत विचाराल तर सोडा. 4 वर्षांचा मुलगा आज दारात तुमची वाट बघतो. तो 14 वर्षांचा होईल तेव्हा दारात कोणी नसेल, तेव्हा मोकळेपणाने दौरे घ्या. हे मत गणिताच्या पलीकडचं आहे, म्हणून निर्णय तुम्ही दोघांनी घ्यायचा.

आता मुलांकडे वळतो, कारण भेटींसाठी ठेवलेले 26 भाग कसे खर्च करायचे यावर बरंच अवलंबून आहे. तुम्ही लिहिलंत की एका रविवारी मुलांचं कपाट रिकामं करून सगळं जमिनीवर मांडलंत. 41 वस्तू निघाल्या. 14 अजून वेष्टनात. तीन खेळण्यांत सेल पाझरून आतल्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या. आणि एकच बाहुली दोनदा आणलेली, सहा महिन्यांच्या अंतराने, दोन वेगळ्या विमानतळांवरून. ती दुसरी बाहुली पाहून मुलगी काही बोलली नाही, असंही तुम्ही लिहिलं आहे. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी 36 लहानग्यांना एकदा 4 आणि एकदा 16 खेळणी देऊन पाहिलं होतं. 2018 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. चारच खेळणी असताना मुलं प्रत्येक खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. ती मुलं तुमच्या मुलाहून लहान होती, पण तुमच्या जमिनीवरच्या त्या पसाऱ्याशी हे जुळतं.

दुसरी गोष्ट सवयीची. "मुलगा दार उघडतो आणि आधी बॅगेची चेन उघडतो" हे तुमचं वाक्य. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा 1973 चा एक प्रयोग आहे. चित्रं काढायला मनापासून आवडणाऱ्या 3 ते 5 वर्षांच्या मुलांपैकी काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल. काहींना तेच बक्षीस न सांगता, नंतर दिलं. काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळात, आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांकडे वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांच्या आवडीत अशी घट झाली नाही. चित्र काढणं वेगळं आणि वडील घरी येणं वेगळं, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा तुमच्या घराला लावणार नाही. पण ठरलेली भेट आणि अवचित आलेली भेट मुलाच्या लेखी सारखी नसते, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

म्हणून प्रत्येक दौऱ्याला भेट हा नियम मोडा. 22 पैकी आठ-नऊ वेळा आणा, बाकी वेळा नाही, आणि कोणत्या वेळी हे दौऱ्याच्या लांबीवर ठरवू नका. दोन रात्रींच्या दौऱ्यावरून छान काही मिळालं तर आणा. नऊ रात्रींनंतर काही नसलं तरी चालेल. सुरुवातीला रडारड होईल. मुलीला आधीच विश्वासात घ्या, नऊ वर्षांच्या मुलीला हिशेब कळतो. वर्षाचे 26 भाग एका वेगळ्या खात्यात किंवा पाकिटात ठेवा आणि ते संपले की संपले. वेष्टनातल्या त्या 14 वस्तूही वाया गेलेल्या नाहीत. त्यातल्या दोन-तीन बाहेर काढा, बाकी वरच्या फळीवर ठेवून वर्षभरात हळूहळू द्या.

तुमच्या 66 पैकी 40 भाग परतीच्या शेवटच्या तासात, विमानतळावर खर्च झाले आहेत. करमुक्त दुकान म्हणजे स्वस्त दुकान, असं गृहीत धरू नका. कर वगळला तरी मूळ किंमत काय लावायची हे दुकानदारच ठरवतो. शेवटच्या तासात तर किमती ताडून पाहायलाही सवड नसते. काय आणायचं ते निघण्यापूर्वी मुलांशी बोलून डोक्यात ठेवा आणि मधल्या एखाद्या संध्याकाळी घ्या. परदेशात कार्ड वापरताना यंत्र विचारतं, रक्कम तुमच्या देशाच्या चलनात घेऊ की इथल्या? तिथल्याच चलनात द्या, कारण यंत्राने लावलेल्या दरात बहुतेक वेळा जादा आकार दडलेला असतो. विजेवर चालणारी वस्तू घेताना घरचा विद्युतदाब तिला चालतो का आणि हमी घरी लागू होते का, ते आधी पाहा. आणि धाकट्यासाठी बटणाएवढे सेल असलेलं खेळणं घेत असाल, तर सेलच्या झाकणाला स्क्रू असलेलंच घ्या. असा सेल गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते.

मुलीने मागितलेला टॅब हप्त्यांवर घेऊ का, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. कार्ड फिटायच्या आत नको. तो तिला खरंच हवा असेल तर अकरा महिन्यांनंतर, तिच्या अभ्यासाची गरज म्हणून, तुम्ही दोघं मिळून घ्या. दौऱ्यावरून आणलेली भेट म्हणून नको. नाहीतर पुढच्या लांब दौऱ्याची भेट त्याहून मोठी असावी लागेल.

पुढचा दौरा या महिन्याच्या अखेरीला आहे असं तुम्ही लिहिलंय. निघण्याआधी 3.33 भाग कार्डावर भरा, आणि पुढच्या महिन्यापासून ते पगाराच्याच दिवशी आपोआप वळते होतील अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. या खेपेला भेट आणू नका. परतलात की मुलाला बॅग उघडू द्या, आणि तो विचारेल तेव्हा आज काही आणलेलं नाही हे सरळ सांगा. ती संध्याकाळ मोकळी ठेवा, अहवाल दुसऱ्या दिवशी लिहा.