फळबागेचं अनुदान पाहिजे तर आधी रोपं आणू नकोस

भावा, पहिल्यांदा सातबारा आणि आठ-अ काढून बघ, सामाईक खातं असेल तर बाकीच्या खातेदारांची संमती लागते आणि खरं सांगतो, घरातच सगळं अडतं. फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, काढून ठेव. रोजगार हमीचं जॉब कार्ड असेल, जमीन 2 हेक्टरच्या आत असेल तर रोजगार हमीतून फळबाग घे, खड्डे खोदायची मजुरीसुद्धा त्यातच मिळते. त्यात बसत नसशील तर राज्याची भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना, अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर.

आता नीट ऐक, कृषी खात्याची पूर्वसंमती हातात आल्याशिवाय एकही रोप लावू नको, आधी लावलेल्या बागेला पैसे मिळत नाहीत. फुंडकर योजनेत अनुदान तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के असं येतं आणि पुढचे हप्ते हवे असतील तर पहिल्या वर्षी किमान 80 टक्के, दुसऱ्या वर्षी किमान 90 टक्के झाडं जिवंत लागतात, म्हणजे उन्हाळ्यात पाण्याची सोय आहे का हे आजच बघ. कलमं कृषी विद्यापीठाच्या किंवा शासनमान्य रोपवाटिकेतूनच घे, पक्कं बिल घे, रस्त्यावरच्या टेम्पोतली स्वस्त रोपं नकोच. काही अडलं तर एजंटला पैसे देऊ नको, गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीचा कृषी सहायक) फोन कर.