शब्द पाठ आहेत, पण वेळेवर आठवत नाहीत

‘मॅडम, रात्री याद केलेले शब्द सकाळी गायब. माझी मेमरी कमजोर झाली का?’ इंदूरमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न मला परीक्षेच्या मुलांपेक्षा चाळिशीतल्या बायकांकडून जास्त ऐकू येतो. मुलं मोठी झाल्यावर त्या नोकरी धरतात आणि ऑफिसातल्या इंग्रजीशी गाठ पडते. घरात मराठी, बाहेर हिंदी. शाळा सुटल्यापासून इंग्रजीशी फारसा संबंधच आलेला नसतो.

त्यांतल्याच एका ताईंची ही हकिगत, त्यांच्या परवानगीने आणि ओळख कळू नये एवढे तपशील बदलून. राहायला राजेंद्रनगरात, एका खासगी ऑफिसात फ्रंट डेस्कवर नव्याने लागलेल्या. खजुरी बाजारातून शब्दार्थांचं पुस्तक आणून रोज वीस शब्द वहीत उतरवायच्या. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे हिंदी. त्यात ‘पोस्टपोन’समोर लिहिलं होतं ‘आगे बढ़ाना’. एका ग्राहकाची फाइल साहेबांकडे पुढे पाठवल्यावर ताईंनी त्या ग्राहकाला मेल केला : ‘आय हॅव पोस्टपोन्ड युवर फाइल टु सर.’ काम लांबणीवर पडलं असं समजून ग्राहक तावातावाने ऑफिसात हजर. सहकारी हसले, आणि ताईंनी मेल लिहिणंच सोडलं.

स्मरणशक्तीचं म्हणाल, तर भिशीत कुणाचा हप्ता राहिलाय, कुठल्या भाचीला कुठला रंग चालत नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. गॅस चालू राहणं, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणं असं काही असतं तर मी आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं. तसं काहीच नव्हतं. दोष होता त्या वहीत.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्याच विस्मरणाचा अभ्यास करून १८८५ साली तो प्रसिद्ध केला. त्यासाठी त्याने मुद्दाम निरर्थक अक्षरजुळण्या पाठ केल्या होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा एका दिवसातच उडून जात. ताईंच्या यादीतले शब्द अर्थ असूनही जवळपास तसेच होते : ना मागे वाक्य, ना पुढे प्रसंग. शिवाय त्या यादी नुसती वाचत, झाकून स्वतःला विचारत नसत. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ सालच्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी सरस ठरले, पण आठवड्याने न बघता आठवून पाहणारे पुढे गेले. रात्री येणारे शब्द सकाळी का जातात, त्याचं उत्तर बरंचसं इथे आहे. हे ऐकल्यावर ताई म्हणाल्या, ‘म्हणजे दिमाग ठीक आहे ना?’ त्यांना तेवढंच हवं होतं.

मग आम्ही वीस शब्दांचा हिशेब बंद केला. आठवड्याला पाच-सहा, तेही ऑफिसात कानावर आलेले. अर्थ बघायचा तो शिकणाऱ्यांसाठी केलेल्या इंग्रजी-इंग्रजी कोशात. हे कोश घाबरवणारे नसतात. लाँगमन या प्रकाशन संस्थेने १९७८ मध्येच आपल्या कोशात सुमारे दोन हजार सोप्या शब्दांत व्याख्या बसवल्या. १९८७ च्या कोबिल्ड या कोशाने तर व्याख्याच पूर्ण वाक्यात दिली. त्या धर्तीवर ताईंनी लिहिलं : ‘इफ यू पोस्टपोन अ मीटिंग, यू होल्ड इट लेटर.’ त्यात मीटिंग दिसते, लेटर दिसतं. फाइल घुसायला जागाच उरत नाही. खाली स्वतःचं वाक्य : ‘वी पोस्टपोन्ड द साखरपुडा बिकॉज आजी वॉज इन हॉस्पिटल.’ साखरपुडा तसाच राहू दिला, माझी काही हरकत नव्हती. शब्दाच्या जागी रेघ ओढून हेच वाक्य पुढच्या पानावर लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी, मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने रेघ भरायची.

मात्र मातृभाषा हद्दपार करा, हा क्लासवाल्यांचा हट्ट मला पटत नाही. वांगं, पळी, जावई यांच्या इंग्रजी व्याख्या वाचण्यात वेळ कशाला घालवायचा? तिथे मराठी अर्थ एका क्षणात काम करतो. व्याख्या लागते ती ‘पोस्टपोन’, ‘सजेस्ट’, ‘अव्हेलेबल’ अशा शब्दांना, जे वाक्यात कुठल्या शब्दांबरोबर बसतात यावर सगळं अवलंबून असतं.

एक गोष्ट वहीबाहेरची होती. इंग्रजी माध्यमातली लेक जेवताना ‘आई, असं नाही म्हणत गं’ म्हणून मध्येच तोडायची. मुलीच्या मनात वाईट काही नव्हतं, पण तिसऱ्या वेळी ताई गप्प बसायच्या. दोघींना बोलावलं. ठरलं असं की आई विचारेल तेव्हाच लेकीने सांगायचं, आणि बोलणं संपल्यावर. पहिल्या आठवड्यात लेकीला हे फार जड गेलं, असं तिनेच मला सांगितलं!

आता ताई मेल लिहितात. पाठवण्याआधी एकदा कोशातली उदाहरणं बघतात. फोनवर समोरचा भरभर बोलला की मात्र अजून अडतं. तिथे शब्द नव्हे, कान कमी पडतो, म्हणून गेल्या भेटीपासून तीच वाक्यं फोनमध्ये रेकॉर्ड करून, न बघता ऐकायला सुरुवात केली आहे. आवाज लेकीचा आहे.