सिलिंडरच्या वायूने झटपट फुगणारे तराफे, घसरगुंड्या आणि कमानी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : बोटीच्या डेकवर पांढऱ्या पिंपात बंद असलेला तराफा दोर ओढताच फुगतो. एवढा वायू लहानशा सिलिंडरमध्ये मावतो कसा?

उत्तर : या सिलिंडरमध्ये मुख्यतः कार्बन डायऑक्साइड असतो आणि तो दाबाखाली द्रवरूपात साठवलेला असतो. २० अंश सेल्सिअसला त्यासाठी सुमारे ५७ बार दाब पुरतो. एक किलो द्रवाचा वायू झाला की बाहेरच्या दाबाला तो पाचशे लिटरहून अधिक जागा व्यापतो. खरी अडचण थंडीची असते. द्रवाचा वायू होताना उष्णता शोषली जाते, त्यामुळे वेगाने बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा काही भाग गोठून त्याचा उणे ७८ अंशांचा कोरडा बर्फ होतो आणि नळी तुंबू शकते. म्हणून त्यात थोडा नायट्रोजन मिसळतात. तो सिलिंडरमध्ये वायुरूपातच राहत असल्याने कडाक्याच्या थंडीतही दाब टिकवून धरतो आणि द्रवाला बाहेर ढकलतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १८ ते २० अंश तापमानात एका मिनिटात आणि उणे ३० अंशांत तीन मिनिटांत तराफा पूर्ण फुगला पाहिजे.

प्रश्न : प्रशिक्षणात तराफा फुगल्यावरही बराच वेळ फुसफुस आवाज येत होता. ती गळती होती का?

उत्तर : बहुधा नाही. आत शिरलेला वायू अतिशय थंड असतो, तो हळूहळू तापून प्रसरण पावतो आणि जादा दाब सुरक्षा झडपेतून बाहेर पडतो. आवाज झडपेपाशीच येत असेल आणि काही वेळाने थांबत असेल, तर काळजीचे कारण नाही. शिवणीपाशी बुडबुडे दिसले, तर मात्र ती गळती समजावी. छताखाली कार्बन डायऑक्साइड साचू नये म्हणून दार थोडा वेळ उघडे ठेवावे. रात्री वायू आकसून नळ्या सैल पडतात, तेव्हा सोबतच्या भात्याने हवा भरावी लागते आणि नवख्या माणसाला हे आधी सांगितलेले असणे फार महत्त्वाचे आहे.

प्रश्न : विमानाची घसरगुंडी याहूनही झटपट कशी फुगते?

उत्तर : मुख्य दारांवरील घसरगुंडी सहा सेकंदांत उभी राहिली पाहिजे, असा अमेरिकी नियम आहे. एवढा सगळा वायू सोबत वाहून नेला, तर सिलिंडर फार जड होईल. म्हणून उच्च दाबाचा वायू बारीक तोट्यांतून रुंद नळीत सोडतात. त्या झोताबरोबर बाहेरची हवा ओढली जाते आणि फुगवट्यातला बराच मोठा भाग या हवेचाच असतो. आतला दाब वाढला की नळीच्या तोंडाशी असलेल्या झडपा आपोआप मिटतात. माझ्या मते या साऱ्या विषयातली सर्वांत सुंदर युक्ती हीच आहे.

प्रश्न : आमच्या मंडळाची फुगवी कमान सिलिंडरने फुगवता येईल का? ऑक्सिजनचा सिलिंडर सहज मिळतो.

उत्तर : ऑक्सिजन कदापि वापरू नका. ऑक्सिजनने भरलेले कापड ठिणगीने भडकते आणि जोडणीला लागलेले तेल-ग्रीससुद्धा पेट घेऊ शकते. नायट्रोजन वा हवा घेतली, तरी हिशेब जुळत नाही. १५० बार दाबाच्या ४७ लिटरच्या सिलिंडरमधून सुमारे सात घनमीटर वायू मिळतो, आणि अशा कमानींच्या शिवणींतून तो सतत झिरपत असतो. त्यांची रचनाच मुळी ब्लोअर अखंड चालू राहील, या हिशेबाने केलेली असते. शिवाय दाबाखालील वायूच्या सिलिंडरना २०१६चे गॅस सिलिंडर नियम लागू आहेत. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेसो या संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे.

प्रश्न : तराफ्याचा सिलिंडर भरलेला आहे, हे दाबमापकावरून कळते का?

उत्तर : नाही. आत थोडा जरी द्रव उरला असेल, तरी कार्बन डायऑक्साइडचा दाब तापमानानुसार जवळपास तेवढाच राहतो. घरच्या गॅसच्या टाकीप्रमाणे इथेही वजनच करावे लागते. दर बारा महिन्यांनी मान्यताप्राप्त केंद्रात होणाऱ्या तपासणीत हे वजन सिलिंडरवर कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहतात.