काचवाल्याचा ‘हिरा’ आणि आपली हिरकणी

एका वाचकाने विचारलं आहे: “काचवाला काच कापताना पोऱ्याला ‘हिरा दे’ म्हणतो. तो खरा हिरा असतो का? आणि औद्योगिक हिरा म्हणजे नकली हिराच ना?”

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण घोटाळा तिथे आहे. औद्योगिक, कृत्रिम आणि नकली हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, ते चुकतं. हिरा कोणत्या कामाला लागतो हे ‘औद्योगिक’ सांगतो, तो कुठे घडला हे ‘कृत्रिम’ सांगतो. नकली म्हणजे हिराच नव्हे. अमेरिकन डायमंड हे झिर्कोनियमचं ऑक्साइड, त्यात कार्बन औषधालाही नाही. उलट डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल यांनी प्रचंड दाबाखाली घडवले ते हिरे कृत्रिम होते, पण अस्सल होते. आज उद्योगात बहुतेक असलेच हिरे लागतात आणि ते दागिन्यांतही आले आहेत.

दागिन्याच्या हिऱ्याचं आपण पाणी बघतो, रंग बघतो, डाग शोधतो. कामाच्या हिऱ्याला पाणी कोण विचारतो? तो काळा असो, पिवळट असो, रव्याएवढा असो, कठीण असला की झालं. मध्य प्रदेशातल्या पन्ना इथे खाणीतून निघालेल्या हिऱ्यांची प्रतवारी ‘उज्ज्वल’, ‘मैले’ आणि ‘मट्ठ’ अशा शब्दांत करतात. मराठी कानाला त्या शेवटच्या शब्दात आपला ‘मठ्ठ’ ऐकू येतो. मला ही नावं ‘औद्योगिक’पेक्षा कितीतरी जिवंत वाटतात.

पण मठ्ठ दिसणारा हिरा कमी प्रतीचाच, असं मात्र नाही. १८९५ साली ब्राझीलच्या बाहिया प्रांतात ‘सर्जिओ’ नावाचा ३,१६७ कॅरटचा काळा हिरा सापडला. दहा वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत मिळालेला कलिनन ३,१०६ कॅरटचा, म्हणजे त्याहून लहानच. कलिननचे मोठे तुकडे ब्रिटनच्या मुकुटात आणि राजदंडात जाऊन बसले. सर्जिओ फोडून त्याचे तुकडे खडकात भोकं पाडणाऱ्या यंत्रांना लावले.

सर्जिओच्या जातीला कार्बोनाडो म्हणतात. ऐरणीवर घणाचे घाव सोसतो तोच खरा हिरा, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. ती अंगठीतल्या हिऱ्यावर कुणी आजमावू नये. तो कठीण आहे, म्हणजे त्यावर ओरखडा उठत नाही, पण ठरावीक पातळ्यांवर तो चिरतो. कार्बोनाडोत असंख्य बारीक स्फटिक वाटेल त्या दिशांनी एकमेकांत रुतलेले असतात, म्हणून तो सहजी चिरत नाही. त्याला नुसतं ‘कठीण’ म्हणून भागत नाही, ‘चिवट’ म्हणावं लागतं.

‘हिऱ्यानेच हिरा कापतो’ ही म्हण मात्र तंतोतंत खरी आहे. हिऱ्याचा कठीणपणा सगळ्या दिशांना सारखा नसतो. हिरा घासायला हिऱ्याचीच पूड वापरतात. त्या पुडीतले कण हवे तसे पडलेले असतात, त्यामुळे काहींची सर्वात कठीण बाजू समोरच्या हिऱ्याच्या जरा मऊ बाजूला भिडते आणि तो झिजतो. सुरतेत पैलू पाडायच्या फिरत्या चाकाला अशी पूड लावतात. त्या यंत्राला तिथे ‘घंटी’ म्हणतात, आणि गुजरातीत घंटी म्हणजे जातं. म्हणजे दागिन्याच्या हिऱ्याला रूप येतं ते कामाच्या हिऱ्याच्या पिठानेच.

आता काचवाल्याकडे वळू. पूर्वी त्याच्या कलमेच्या टोकाला खरोखर हिऱ्याचा कण बसवलेला असे. आज बहुतेकदा तिथे कठीण पोलादाचं किंवा टंगस्टन कार्बाइडचं इवलंसं चाक असतं. वस्तू बदलली, नाव तेच राहिलं. ‘हिरा दे’ हे म्हणूनच चुकीचं नाही, तो आता हत्याराचा शब्द झाला आहे. पण टोकाला खरा कण असेल, तर त्याच्यासाठी आपल्याकडे ‘हिरकणी’ आहे. तांदळाची कणी तशी हिऱ्याची कणी. रायगडाच्या गवळणीमुळे हा शब्द आपल्याला विशेषनाम वाटू लागला, तरी त्याचा मूळ अर्थ अजून शाबूत आहे. टाइल कापायच्या चाकावरच्या बारीक कणांनाही मी हिरकण्याच म्हणतो.