अकरावीला गणित सोडावे का?
कोल्हापुरात अकरावी विज्ञानला प्रवेश घेताना ‘डॉक्टरच व्हायचे आहे’ म्हणून मुलगी गणित सोडू म्हणते, यावर आपण मत विचारले आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला गणित लागत नाही, हे खरे. परंतु गणित सोडले की जेईई ही प्रवेश परीक्षा आणि राज्याच्या एमएचटी-सीईटी प्रवेश परीक्षेचा पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गट, म्हणजेच अभियांत्रिकीची नेहमीची वाट, बंद होते आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती दाराशी असताना ती इतक्या सहज सोडण्यासारखी नाही. दहावीच्या सराव परीक्षेची उत्तरपत्रिका घेऊन तिच्या शेजारी बसा. बीजगणितात पायऱ्या बरोबर मांडून केवळ आकडेमोडीत गुण गेले असतील, तर जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवावे. उदाहरणांची सुरुवातच कोरी असेल, तर मात्र तिचे म्हणणे मान्य करावे.