चार चौकोन म्हणजे चार मुलं नव्हेत

प्रश्न : सर, मी आणि बायको दोघंही सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे वाहक, रिपोर्टात ‘एएस’. आम्हाला त्रास काही नाही. पण पहिल्या मुलीला आजार निघाला, ती ‘एसएस’. दवाखान्यात म्हणाले, चारात एक. ती एक तर झाली, आता पुढची तीन ठीक निघतील ना? घरात बोल मात्र बायकोलाच लागतो. धाकट्या बहिणीचंही लग्न ठरतंय. – एक वाचक, ता. धडगाव

उत्तर : नाही भाऊ. हा चारात एकचा हिशेब दर गरोदरपणी नव्याने सुरू होतो. अशी समजूत होण्यात माझ्यासारख्यांचाही हात आहे. शिरपूर तालुक्यात २९ वर्षं जीवशास्त्र शिकवताना आई-बापाच्या जनुकांच्या जोड्या दाखवायला मी फळ्यावर चार चौकोन आखायचो, आणि पोरं समजायची चार भावंडं. हे ध्यानात आलं तोवर निवृत्ती जवळ आली होती.

पट खेळताना चिंचोके फोडून फासे करतात ना? तशी एक फोड तुमची, एक बायकोची. तपकिरी पाठ म्हणजे ए, निरोगी जनुक; पांढरं पोट म्हणजे एस, सिकलसेलचं जनुक. मूल राहताना दोन्ही फोडी पडतात. दोन्ही पाठी आल्या तर एए, सुटलात. एक पाठ, एक पोट म्हणजे तुमच्यासारखं एएस. ते दोन तऱ्हांनी पडतं, म्हणून चारात दोन. दोन्ही पोटं आली की एसएस. मागच्या डावात काय पडलं, ते फोडीला ठाऊक नसतं. (खरे चिंचोके सारखे पडत नाहीत, करून बघायचं तर दोन नाणी घ्या.) अशा जोडप्याला चार मुलं झाली, तर एकालाही आजार नसण्याचा संभव २५६ पैकी ८१, आणि नेमका दोघांना असण्याचा ५४.

आता बोल लावणाऱ्यांचं. एसएस मुलीतला एक एस बापाकडूनच आलेला असतो. तुमचा रिपोर्ट आईपुढे ठेवा, वाचूनही दाखवा.

पुढच्या खेपेला दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना गाठा. दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेच्या पेशी घेऊन गर्भाची तपासणी करता येते. मुलीचे उपचार मात्र त्यासाठी थांबवू नका, तिच्या गोळ्या चालूच ठेवा.

बहीणही वाहक असू शकते. असली तरी लग्न मोडायचं कारण नाही. नवरा एए असेल तर मुलं फार तर वाहक होतील, एसएस नाही. म्हणून सुपारी फुटण्याआधी तिचं रक्त तपासा, आणि मुलाचंही.