कुंपणाशेजारी आपोआप उगवलेले झाड

प्रश्न : आमच्या घरामागे कुंपणाच्या भिंतीलगत कोणीही न लावलेले एक झाड उगवले असून दोन-तीन वर्षांत ते गच्चीच्या कठड्यापर्यंत पोहोचले आहे. फांद्या आडव्या पसरतात, पाने हाताला किंचित चिकट लागतात, पांढरी फुले येतात आणि आता लहान लाल फळे धरली आहेत. शेजारी त्याला तुती म्हणतात. मोबाइलवरील ॲपने एकदा फालसा, तर एकदा कापशी असे सांगितले. हे झाड कोणते? मुले फळे तोडून खातात, ते चालेल का? झाड ठेवावे की काढावे? छायाचित्रे आणि एक डहाळी सोबत पाठवली आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपण डहाळी पाठवलीत हे फार बरे केले, कारण दुरून काढलेल्या छायाचित्रात फक्त हिरवा पसारा दिसतो आणि ॲपचाही गोंधळ तेथेच होतो. हे झाड सिंगापूर चेरीचे आहे. नावात सिंगापूर असले तरी ते मूळचे मेक्सिकोचा दक्षिण भाग, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग येथले आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये त्याला मुंटिंगिया कॅलाब्युरा हे शास्त्रीय नाव दिले.

ॲपचे उत्तर अगदीच निराधार नव्हते. सिंगापूर चेरी, फालसा आणि कापशी (काही ठिकाणी हिलाच गोल म्हणतात) या तिन्हींची पाने एकाआड एक, दातेरी कडांची असतात, आणि पानाच्या बुडाशी मधल्या शिरेच्या दोन बाजू कमी-अधिक प्रमाणात असमान असतात. म्हणून केवळ पानावरून निर्णय करू नये. फालशाची फुले पिवळी आणि फळे पिकल्यावर जांभळट होतात. कापशीची फुले हिरवट व नजरेत न भरणारी, तर फळे मिरीच्या दाण्याएवढी आणि पिकल्यावर काळी असतात. आपल्या डहाळीवरचे फूल मात्र पाच पांढऱ्या, चुरगळल्यासारख्या पाकळ्यांचे, मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुपका असलेले, थेट स्ट्रॉबेरीच्या फुलाची आठवण करून देणारे आहे. ते एकच दिवस टिकते. आणखी एक खूण झाडाखाली उभे राहून पाहावी : फुले फांदीच्या वर ताठ उभी असतात आणि फळ धरल्यावर तोच देठ खाली वळून फळ पानांखाली लोंबू लागते. फळ कापल्यावर गोड, रसाळ गरात खसखशीहून बारीक असंख्य बिया दिसल्या, तर शंकेला जागा उरत नाही. तुतीचे फळ अनेक बारीक दाण्यांचे मिळून बनलेले असते, त्यामुळे शेजाऱ्यांचा अंदाज फळ हातात घेताच बाद होतो.

पिकलेली लाल फळे खाण्याजोगी आहेत. मुलांना धुऊन द्यावीत. अनोळखी झाडाचे फळ ओळख पटण्यापूर्वी मुलांनी खाल्ले, हे मात्र योग्य झाले नाही. लाल, गोड दिसणारी सगळीच फळे निरुपद्रवी नसतात.

बी आणले कोणी, याचे उत्तर रात्री मिळेल. वटवाघळांना ही फळे अतिशय आवडतात. दिवसा बुलबुल, तांबट आणि इवलासा फुलटोच्या यांची ये-जा असते. पक्ष्यांसाठी झाड ठेवावे, असे आमचे मत आहे. पण ते भिंतीला अगदी चिकटून असेल, तर बुंधा जाडावल्यावर भिंतीला तडा जाऊ शकतो, आणि वटवाघळांच्या विष्ठेचे डाग रंगवलेल्या भिंतीवर पडतात, तेही सोसावे लागतील. लाकूड हलके व मऊ असल्याने गच्चीकडे झुकलेल्या फांद्या पावसाळ्यापूर्वी छाटाव्यात. झाड पूर्ण काढायचे ठरलेच, तर महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांसाठीचा 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा खासगी आवारालाही लागू आहे, तेव्हा आधी महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा.

पुढे कधी असेच झाड उगवले, तर फुला-फळांसह वीतभर डहाळी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवावी आणि फुलाचा रंग, झाडाची उंची व चीक येतो का, हे शेजारी लिहून ठेवावे, कारण वाळल्यावर रंग आणि चीक दोन्ही कळत नाहीत.